छताच्या दिव्याची शेड बदलताय? काच, ॲक्रिलिक की बांबू

आमच्या गुहागरच्या घरात पडवीतल्या दिव्याची दुधी काचेची शेड यंदा पावसाच्या तोंडावर बदलावी लागली. काच धड होती, पण तिला धरणारे तीन स्क्रू गंजले होते. एकाची मुंडी तर पकड लावताच हातात आली. तेव्हापासून मी आधी शेड धरणारं कडं आणि स्क्रू बघते, मग शेड. खाऱ्या वाऱ्यात साधं लोखंड टिकत नाही. पितळेवर हिरवट थर चढतो, पण स्क्रू फिरतो. स्टेनलेस स्टील घ्यायचं तर ३१६ ग्रेडचं मागा, ते ३०४ ग्रेडपेक्षा खाऱ्या हवेत जास्त टिकतं.

काच पिवळी पडत नाही, साबणाच्या पाण्यात धुतली की लख्ख होते. अडचण वजनाची. कौलारू घरात दिवा लाकडी फळीवर बसवलेला असतो, तिथे फळी सैल असेल तर काच नकोच.

ॲक्रिलिक हलकं, उन्हालाही बऱ्यापैकी टिकतं. दुकानात सगळ्यालाच ‘प्लास्टिक’ म्हणतात, म्हणून नक्की काय आहे ते विचारून घ्या. साधं पॉलिकार्बोनेट उन्हाने पिवळं पडतं. ॲक्रिलिक कोरड्या फडक्याने पुसलं तर चरे पडतात, स्पिरिटने बारीक तडे जातात. आत ६० वॉटचा जुना बल्ब नको, ९ वॉटचा एलईडी पुरे. तोही पूर्ण बंद शेडमध्ये तापतो आणि लवकर जातो.

बांबूच्या शेडचा उजेड मला मनापासून आवडतो. पण पावसाळ्यात बुरशी येते, भुंगा लागतो. कीड रोखणारी बोरिक-बोरॅक्सची प्रक्रिया झालीय का, हे विचारूनच घ्या आणि घराच्या आतच लावा.

पहिल्या पावसानंतरच्या उडत्या वाळवीचाही विचार करा. शेड वरून उघडी, खालून बंद असेल तर तळाशी पंखांचा थर साचतो. पडवीला मी म्हणूनच खालून उघडी ॲक्रिलिकची शेड घेतली. बल्ब पिवळ्या उजेडाचा लावला, त्याच्याकडे किडे पांढऱ्यापेक्षा कमी येतात. जुनी काच माजघरात गेली, तिथे स्लॅब आहे.

दुकानात जाताना जुनी शेडच न्या. गळ्याच्या मापात थोडा फरक असला तरी नवी बसत नाही. काम करताना बटण बंद करून भागत नाही, मेन स्विच पाडा, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर असतं, मग ते बंद असलं तरी होल्डरमध्ये वीज राहते. काचेचे स्क्रू बोटांनीच लावा आणि शेवटी किंचित सैल सोडा. काच तापून फुगली की आवळलेल्या स्क्रूंमुळे तिला तडा जातो.