४६ हजारांचा मदरबोर्ड आणि एक प्लास्टिकचं झाकण (९ महिन्यांनंतरचा अनुभव)

बोर्ड X६७०ई चिपसेटचा, एएम५ सॉकेट (एएमडीचा प्रोसेसर बसतो ती जागा). स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, ते परत टाइप करत बसत नाही.

अनबॉक्सिंगच्या दिवशी मी नुसता चिडलो होतो. बॉक्स एवढा मोठा की लोकलच्या रॅकवर आडवा बसेना, आणि आत काय, तर स्टिकरचा अख्खा कागद, एक किचेन, डिस्क जोडायच्या चार साटा केबल (माझ्याकडे साटाची एकच एसएसडी), वायफायचा अँटेना आणि ड्रायव्हर भरलेला पेनड्राइव्ह. छापील मॅन्युअल नाही, क्यूआर कोड स्कॅन करा म्हणे! ४६ हजार घेऊन चार पानं छापायला यांना जड झालं.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा दहा मिनिटं स्क्रीन काळी. बोर्डावरच्या छोट्या डिस्प्लेवर १५ आकडा तसाच. पोटात गोळा आला होता, पण ते डीडीआर५ रॅमचं मेमरी ट्रेनिंग असतं (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो), पहिल्या वेळी लागतोच वेळ, घाईने पॉवर बंद करू नका. नंतर सात महिने तक्रारीला जागा नाही, अगदी मे महिन्यातसुद्धा.

आठव्या महिन्यात ६४ जीबी रॅमऐवजी ३२च दिसायला लागली. रॅमच्या काड्या अदलून बदलून पाहिल्या, बोर्डाचा एक मेमरी चॅनेलच (रॅमकडे जाणारा रस्ता) गेलेला. वॉरंटी तीन वर्षांची, म्हणून डोंबिवलीहून बोर्ड घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो तर काउंटरवरचा मुलगा बोर्डाकडे बघायच्या आधीच म्हणाला, "सर, सॉकेट कॅप कुठंय?" प्रोसेसर बसवताना टक्कन उडून पडतं ना, ते काळं झाकण. ते नसेल तर बोर्ड घेता येणार नाही, वाटेत पिन वाकल्या तर जबाबदार कोण.

डोकं फिरलं, पण तसं त्याचंही बरोबर होतं. आधीच्या एएम४ सॉकेटच्या वेळी पिन प्रोसेसरला असायच्या, एएम५ला त्या बोर्डावर आल्यात, १७१८ पिन, केसासारख्या. एक वाकली की 'फिजिकल डॅमेज' आणि वॉरंटी गेली. मग एवढं महत्त्वाचं आहे तर झाकणावर एक ओळ छापा ना, 'टाकू नका' म्हणून! स्टिकरला पैसे आहेत यांच्याकडे.

घरी येऊन सगळे खण उपसले. आई म्हणाली, "ते काळं चौकोनी का? बटणांच्या डब्यात बघ, मला वाटलं कशाचंतरी असेल." सुया आणि हुकांच्या खाली पडलं होतं. आईला दंडवत.

दुसऱ्या दिवशी बोर्ड मुकाट्याने घेतला. भिंगाने पिन बघितल्या, माझ्यासमोरच फोटो काढले. तेवीस दिवसांनी बदली बोर्ड आला, नुसता पिशवीत, झाकणासकट.

लावला तर चालूच होईना. माझा प्रोसेसर ९००० सिरीजचा, २०२४ चा, आणि या बोर्डात त्याच्याही आधीचा बायोस (बोर्ड सुरू करणारं सॉफ्टवेअर), त्याला हा प्रोसेसर ओळखताच येईना. मग बायोस नवा करायला मागचं फ्लॅशबॅकचं बटण वापरलं, आणि त्यासाठी घरात दुसरा पेनड्राइव्ह सापडेना म्हणून ज्याला पहिल्या दिवशी शिव्या घातल्या तोच बॉक्सातला पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट करून, त्यात बायोसची फाइल टाकून, तिला ठरलेलं नाव देऊन लावला. पाच मिनिटं लाइट लुकलुकली आणि झालं. म्हणून ॲक्सेसरीजबद्दल वर जे लिहिलंय त्यातलं अर्धं मागे घेतो.

आता ६४ जीबी नीट दिसतेय. पाचपैकी साडेतीन, अर्धा स्टार मॅन्युअलचा कापलाय. झाकण परत बटणांच्या डब्यात गेलंय. किचेन कुणाला हवी असेल तर सांगा.