व्हॉइस क्लासचं भाडं भरताय? शेवटच्या पोर्टचा आउटपुट मागा : एमपीएलएस क्यूओएसचा अनुभव

प्रोव्हायडरच्या एमपीएलएस नेटवर्कवर (पॅकेटला लेबल लावून ती पुढे नेणारं नेटवर्क) आमची ऑफिसं जोडणारं लेयर-३ व्हीपीएन, हेड ऑफिस पुण्यात, कोल्हापूरच्या ब्रँचला १० एमबीपीएस, क्यूओएसचे, म्हणजे गर्दीत कोणतं पॅकेट आधी सोडायचं याचे, चार क्लास. त्यातला व्हॉइस क्लास १० टक्के, त्याचं भाडं वेगळं. त्या वेगळ्या भाड्यापायीच हे लिहितोय. पहिल्या बिलापासून ते भरतोय, आणि तरी दुपारी सर्व्हरवरून ड्रॉइंगच्या फाइल उतरायला लागल्या की कोल्हापूरच्या लोकांना आमचा आवाज तुटक ऐकू यायचा. त्यांचा आवाज मात्र आम्हाला खणखणीत.

तिकिटावर दरवेळी एकच उत्तर. "सर, लिंक अप आहे, पिंगला लॉस नाही." साध्या पिंगवरून व्हॉइस क्लासबद्दल काहीही कळत नाही, कारण तो जातो डिफॉल्ट क्लासमधून. राउटरवरून टाइप ऑफ सर्व्हिस (पॅकेटच्या हेडरमधला आठ बिटांचा खाना) १८४ देऊन पिंग करा. डीएससीपी (पॅकेटवरची प्राधान्याची खूण) ४६, म्हणजे व्हॉइससाठीची ईएफ, त्या आठ बिटांच्या खान्यात १८४ म्हणून दिसतो. मी दोन्ही पिंग शेजारी-शेजारी चालवले. रात्री दोन्ही १५ मिलिसेकंदांच्या आसपास. दुपारी फाइल उतरत असताना दोन्ही ९०-१०० वर, सोबतच चढणारे आणि सोबतच उतरणारे. व्हॉइसची रांग वेगळी असती तर हे झालंच नसतं.

प्रोव्हायडरचं पुढचं म्हणणं : "तुमच्या मार्किंगला आम्ही हात लावत नाही." हे खरं निघालं. कोल्हापूरला कॅप्चर घेतला तर पॅकेटवर ४६ जसाच्या तसा होता. पण खूण शाबूत राहणं वेगळं आणि त्या खुणेप्रमाणे रांग मिळणं वेगळं. हा फरक पटवून देण्यात फार वेळ गेला, तिकीट दोनदा परस्पर बंद झालं, तेव्हा कुठे एका इंजिनिअरने कोल्हापूरच्या पीई राउटरवरचा (प्रोव्हायडरचा, आमची लिंक जिथे जोडते तो) शो पॉलिसी-मॅप इंटरफेस या कमांडचा आउटपुट पाठवला. कुठल्या क्लासमध्ये किती पॅकेट गेली ते त्यात दिसतं. व्हॉइस क्लाससमोर ० पॅकेट. सगळा ट्रॅफिक क्लास-डिफॉल्टमध्ये.

कारण साधं होतं. पुण्याच्या पीईवर पॅकेटला दोन लेबलं लागतात, बाहेरचं वाटेसाठी आणि आतलं व्हीपीएनचं, आणि लेबलातल्या प्राधान्याच्या तीन बिटांत (ईएक्सपी) ४६ चे वरचे तीन बिट, म्हणजे ५ जातो. कोअरमधले, म्हणजे प्रोव्हायडरच्या आतल्या नेटवर्कचे, राउटर त्या ५ कडे बघून रांग देतात. बाहेरचं लेबल पीईच्या एक हॉप आधीच निघतं, पण व्हीपीएनचं लेबल आणि त्यावरचा ५ कोल्हापूरच्या पीईपर्यंत पोचतो. तिथे तेही निघतं आणि आमच्याकडे येतं ते नुसतं आयपी पॅकेट. यांनी आमच्या बाजूच्या पोर्टवर, बाहेर जाणाऱ्या दिशेला, मॅच लावला होता ईएक्सपीवर! लेबलच उरलं नाही तर मॅच कशावर होणार? आत येतानाच ५ टिपून क्यूओएस-ग्रुपमध्ये (राउटरच्या आतली तात्पुरती खूण) ठेवायचा आणि बाहेर जाताना तो बघायचा, हा पाइप मोड. नाहीतर बाहेर जाताना सरळ ग्राहकाचा डीएससीपी बघायचा, हा शॉर्ट पाइप. आरएफसी ३२७० मध्ये हे २००२ पासून लिहिलेलं आहे. संपूर्ण मार्गात गर्दी होते ती बहुतेक याच १० एमबीपीएसच्या तोंडाशी, आणि नेमकी तीच जागा सोडून बाकी सगळीकडे क्यूओएस चालू होता.

इथपर्यंतचं रागात लिहून ठेवलं होतं, आणि पुढे 'व्हॉइस क्लास घेऊ नका' असं लिहिणार होतो. ते मत आता बदललंय. त्यांनी मॅच डीएससीपीवर आणला त्याच दुपारी १८४ चा पिंग १६-१७ वर स्थिर, साधा पिंग ९५ वर. फाइल उतरत असताना कोल्हापूरशी बोललो, एक शब्द तुटला नाही. शिवाय शॉर्ट पाइपमध्ये आमच्या खुणा ब्रँचला जशाच्या तशा पोचतात, त्यामुळे तिथल्या स्विचवर पुन्हा मार्किंग करावं लागत नाही. युनिफॉर्म मोड कुणी देऊ केला तर नको म्हणा. त्यात कोअरमध्ये बदललेली खूण तुमच्या डीएससीपीवर उतरते.

बाकीच्या क्लासबद्दल मात्र मत तेच आहे. ईआरपीला (कंपनीच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर) एएफ३१, बॅकअपला एएफ३३ (दोन्ही डीएससीपीच्याच खुणा), म्हणजे गर्दीत बॅकअप आधी गळावा, असा आमचा विचार होता. पण डीएससीपीच्या ६४ किमती ईएक्सपीच्या ८ मध्ये बसवायच्या असतात आणि डिफॉल्टने वरचे तीनच बिट उचलले जातात. दोन्ही पडले ३ मध्ये, कोअरच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. वेगळं मॅपिंग मागितलं तर त्याचे वेगळे पैसे. मी बॅकअप रात्री हलवला आणि चौथा क्लास बंद केला.

व्हॉइस क्लासही वाढवू नका, कोडेक (आवाज डिजिटल करण्याची पद्धत) बदला. जी.७११ चा एक कॉल आयपी पातळीवर ८० केबीपीएस खातो, म्हणजे १ एमबीपीएसमध्ये १२ कॉल. जी.७२९ ला २४ पुरतात, म्हणजे ४१. आवाजातला फरक आमच्याकडे कुणी बोलून दाखवला नाही. आणि स्वतःच्या राउटरवर १० एमबीपीएसचा शेपर (जादा पॅकेट रांगेत थांबवून वेग मर्यादेत ठेवणारा) लावून त्याच्या आत व्हॉइसची रांग ठेवा. पोर्ट १०० एमबीपीएसचा असतो, शेपर नसेल तर राउटरला गर्दी झालेली कळतच नाही आणि जादाचं पॅकेट पलीकडचा पोलिसर कापतो.

नाशिकच्या पोर्टचा आउटपुट महिनाभर मागतोय. तो हातात येईपर्यंत त्या ब्रँचच्या व्हॉइस क्लासचं बिल मी पास करणार नाही, तसं अकाउंट्सला लेखी कळवलंय.