अरुगम बे: भाड्याचा बोर्ड आणि सर्फिंगची शिकवणी, सांगलीकर ग्रुपसाठी

श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर, पोत्तुविलला लागून अरुगम बे आहे. गाव म्हणजे जवळजवळ एक लांब रस्ताच, आणि त्या रस्त्यावर बोर्ड भाड्यानं देणारी नि सर्फिंग शिकवणारी दुकानं ओळीनं. सांगलीहून पाच-सहा मित्र पहिल्यांदाच सर्फिंगला जाणार असतील तर ही सेवा पैसे वसूल आहे. मात्र नुसता बोर्ड उचलून पाण्यात जायचं नाही. शिकवणीसकट घ्यायचा, आणि पहिले दोन-तीन दिवस बेबी पॉइंट, म्हणजे नवख्यांची छोट्या लाटांची जागा, सोडायचा नाही.

हे ठासून सांगायचं कारण असं, की पुरात नाही पण एरवी कृष्णा आरपार पोहणारे गडी आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यांनाच समुद्र लवकर फसवतो. नदीची ओढ एकाच दिशेला असते. समुद्रात लाट किनाऱ्याकडे ढकलते आणि तेच पाणी एखाद्या पट्ट्यातून जोरात आत परततं. त्या पट्ट्यात सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे हात मारून दमायचं नाही. बोर्ड सोडायचा नाही, आणि किनाऱ्याला समांतर जाऊन पट्ट्याबाहेर पडायचं. चांगला शिकवणारा हे वाळूवरच, पाण्याला पाय लावण्याआधी सांगतो. जो सांगत नाही, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नये.

हंगाम साधारण एप्रिलअखेर ते ऑक्टोबर. आपल्याकडे पावसाळा आणि तिथं कोरडं, याचं कोडं माण-खटाव किंवा जतच्या माणसाला पडणार नाही. नैऋत्य मोसमी वारा मधल्या डोंगरांवर पाऊस टाकून पुढं येतो आणि पूर्वेच्या बाजूला कोरडा उतरतो. तोच वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत असल्यानं सकाळच्या लाटा स्वच्छ, नीट उभ्या राहतात. दुपारी समुद्रावरून वारं सुटलं की पाणी विस्कटतं. म्हणून शिकवणी उजाडतानाची घ्या. जून ते ऑगस्ट गर्दी फार. नवख्यांना मे किंवा सप्टेंबर बरा.

मेन पॉइंट, म्हणजे इथली मुख्य सर्फिंगची जागा, तिथली लाट उजवीकडे फुटत जाणारी, लांबलचक आणि खरोखर देखणी आहे. पण खाली खडक आहे, त्यावर समुद्री साळू, म्हणजे काटेरी अर्चिन, आणि वर अनुभवी लोकांची रांग. तिथं नवखा माणूस दुसऱ्याच्या वाटेत येतो आणि दोघांनाही लागतं. नियम असा, की लाट जिथून फुटायला सुरू होते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. बेबी पॉइंटला लाट छोटी आणि तळ बराचसा वाळूचा. पोत्तुविलच्या उत्तरेचा व्हिस्की पॉइंट ही त्यानंतरची पायरी. तिथं टुकटुकच्या, म्हणजे रिक्षाच्या, टपावर बोर्ड बांधून नेतात.

आता बोर्ड. साधारण 65 ते 75 किलोच्या माणसाला आठ फुटी फोमचा मऊ बोर्ड, त्याहून वजनदार असेल तर नऊ फुटी. दुकानदार घाईत असेल तरी पाच मिनिटं घ्या. बोर्ड उलटा करून अंगठ्यानं कडेकडेनं दाबत जा. शिवणीतून पाणी झिरपलं तर आत फोम भिजलेला आहे. असा बोर्ड जड होतो आणि लाट पकडत नाही. खालचा प्लास्टिकचा पत्रा फुगलेला नको. फिन, म्हणजे बोर्डाखालचा पंख, हातानं हलवा, खुळखुळली तर स्क्रू तिथंच आवळून घ्या. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, बोर्डाइतकीच लांब हवी. ती ताणून चिरा बघा, वेलक्रो दोनदा लावून काढून बघा, आणि फिरकी अडकत नाही ना ते पाहा. लीश मागच्या पायाला बांधतात, मनगटाला कधीच नाही. शेवटी दोन्ही बाजूंचा व्हिडिओ काढा, कारण आधीचा पोचा तुमच्या नावावर लागण्याची तक्रार या धंद्यात जुनी आहे. अनामत म्हणून पासपोर्ट ठेवू नका, झेरॉक्स द्या.

शिकवणी साधारण दोन तासांची. एका शिकवणाऱ्यामागे दोन, फार तर तीन जण. सहा जणांना एकच माणूस देत असतील तर नाही म्हणा. बोर्ड आणि अंगाला चिकटून बसणारा शर्ट, म्हणजे रॅश गार्ड, त्यातच धरलाय का, विचारा. रॅश गार्डाशिवाय पहिल्याच दिवशी छाती-पोट सोलवटतं.

नवख्यांचं बिनसतं ते बहुतेक बोर्डवर पालथं झोपण्याच्या जागेवरून. फार पुढं सरकलात तर टोक पाण्यात घुसून कोलांटी. फार मागं राहिलात तर लाट खालून निघून जाते. टोक पाण्यापासून चार बोटं वर राहील तिथं झोपा. लाटेनं ढकललं असं वाटल्यावरही दोन हात जोरात मारा, मग तळवे बरगड्यांजवळ टेकवून एका दमात उठा. कडा धरून उठू नका, गुडघा टेकवू नका, नजर पायांवर नको. पडताना सपाट पडा, डोकं हातांनी झाकून वर या. आणि कंबरभर पाण्यात बोर्ड स्वतःच्या आणि लाटेच्या मध्ये आडवा धरू नका, तो थेट तोंडावर येतो.

औदुंबर-भिलवडीच्या माणसाला मगर समजावून सांगायला नको: तिथल्या खाड्यांतही मगरी आहेत, 2017 मध्ये एक पर्यटक मगरीच्या हल्ल्यात गेला. मीठ धुवायला म्हणून खाडीत उतरू नका. जवळच्या पनामा गावाच्या रस्त्यावर अंधार पडल्यावर हत्ती येतात.

जेवण भात आणि करीचं, चांगलं असतं. शाकाहारींनी मात्र पोल सांबोल विचारूनच घ्यावा. दिसतो नारळाच्या चटणीसारखा, पण त्यात बऱ्याचदा सुकी मासळी असते. भडंग जरूर न्या. पौर्णिमेला दारूविक्री बंद असते.

जायला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून कोलंबोचं विमान, पुढं रस्त्यानं सात-आठ तास. अरुगम बेला रेल्वे नाही, त्यामुळे सहा जणांना व्हॅनच परवडते.

दुकान निवडताना एक प्रश्न आधीच विचारा: तीन दिवसांनी फोम देऊन त्याच भाड्यात साडेसात फुटी कडक बोर्ड बदलून मिळेल का? हो म्हणणाऱ्या दुकानाचं भाडं थोडं जास्त असलं तरी तेच घ्या.