नागपूरच्या बजाजनगरातली काकूंची मेस, फायनल इयरवाल्यांनी लावाच

आतल्या गल्लीत आहे, बोर्ड-बिर्ड नाही, कोणालाही काकूंची मेस विचारा. पोळ्या गरम, वरण जरा पातळच, पण रविवारी दुपारी पाटवडी रस्सा असला की सगळं माफ. पैसे महिन्याचे अ‍ॅडव्हान्स, अन् खाडा आदल्या रात्री सांगायचा नाहीतर त्या दिवसाचे पैसे वजा होत नाही, पोट्ट्यांना हे लय कडक वाटते पण उद्या नोकरी लागल्यावर घरमालक अन् लाईटबिल थांबणार आहे का बे तुमच्यासाठी, घरून पैसे आले की आधी जेवणाचे बाजूला अन् मग सीताबर्डीत जीन्स, हे मी इथंच शिकलो. ताटही स्वतःच धुवा लागते. हिवाळ्यात सांबारवडी (कोथिंबिरीची) मागून घ्या, न मागता वाढत नाहीत. उधारी बंद. चार स्टार, एक वरणाचा कापला.