शाफ्ट थांबला की सांगणारा सेन्सर: आठ महिने वापरल्यावर

बकेट एलिव्हेटरची (पट्ट्यावरच्या बादल्यांनी माल वर नेणारं यंत्र) मोटर फिरत होती, पॅनेलवर हिरवा दिवा होता आणि पट्टा वरच्या पुलीवर जागच्या जागी घासत होता. रबर जळल्याचा वास आला तेव्हा कुठे आम्हाला पत्ता लागला. कॉन्टॅक्टर म्हणजे मोटरला वीज जोडणारा स्विच; त्याचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट, म्हणजे सोबतचा छोटा संपर्क, एवढंच सांगतो की कॉन्टॅक्टर ओढलेला आहे. पुढे कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारा भाग) तुटलं, चावी (पुलीला शाफ्टवर पक्की धरणारी खिट्टी) कातरली गेली किंवा पट्टा सरकला, तर त्याला त्याचं काही देणंघेणं नसतं. म्हणून हा सेन्सर घेतला आणि मोटरपाशी न लावता खालच्या पुलीच्या शाफ्टवर लावला. त्या शाफ्टला फिरवणारा फक्त पट्टा, त्यामुळे तो खोटं बोलत नाही.

वस्तू म्हणजे ३० मिमी आट्यांचा इंडक्टिव्ह प्रॉक्सी (न टेकता समोरचा धातू ओळखणारा सेन्सर), २४ व्होल्ट डीसी, तीन वायरी. धातू समोरून एकदा गेला की एक पल्स. दोन पल्समधला वेळ मोजणारं सर्किट आतच असल्यामुळे पॅनेलमध्ये वेगळा रिले बसवावा लागत नाही. पाठीमागच्या बारीक स्क्रूने मिनिटाला ६ ते १५० पल्सपर्यंत मर्यादा ठरवता येते. वेग मर्यादेच्या वर असला की आउटपुट चालू, खाली आला की बंद. वायर तुटली तरी आउटपुट बंदच होतं, म्हणजे बिघाड झाला तर मशीन थांबायच्या बाजूने. हे मला आवडलं.

माहितीपत्रकाला मात्र शून्य मार्क. सगळीकडे 'फेरे' लिहिलंय, पण हा मोजतो पल्स. आमचा शाफ्ट मिनिटाला ४० फेरे घेतो. एकच बोल्ट समोरून गेला तर दर दीड सेकंदाला एक पल्स. आम्ही समोरासमोर दोन पट्ट्या वेल्ड केल्या, पल्स झाले ८०, आणि मर्यादा ६० वर ठेवली. आता एक सेकंद पल्स आला नाही की ट्रिप, म्हणजे मशीन बंद. पट्ट्या साध्या लोखंडाच्याच घ्या. स्टेनलेसला ओळखायचं अंतर कमी मिळतं, ॲल्युमिनियमला तर निम्म्याहूनही कमी. डब्यावरचे १० मिमी हे ३० मिमी चौरस लोखंडी पत्र्यासाठी असतात, बोल्टच्या डोक्यासाठी नाहीत. आम्ही ५ मिमी फट ठेवली.

पहिल्या दिवशीची गंमत सांगतो. सेन्सरला कायमचा २४ व्होल्ट दिला आणि त्याचं आउटपुट मोटरच्या इंटरलॉकमध्ये (ते चालू असेल तरच मोटर चालू देणारी जोडणी) घातलं. मग काय! शाफ्ट फिरत नाही म्हणून मोटर सुरू होईना, आणि मोटर सुरू नाही म्हणून शाफ्ट फिरेना. अर्धा तास आम्ही दोघं पॅनेलकडे बघत उभे. या सेन्सरला सुरुवातीची ९ सेकंदांची सवलत आहे (तेवढा वेळ वेग नसला तरी आउटपुट चालू राहतं), पण ती त्याला सप्लाय मिळाल्या क्षणापासून धरली जाते. म्हणजे सप्लाय मोटरच्या कॉन्टॅक्टरबरोबरच यायला हवा. ही ओळ माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात.

आणि ती ९ सेकंदं बदलता येत नाहीत, ही माझी मोठी तक्रार. बादल्या भरलेल्या असताना एलिव्हेटर सुरू केला तर वेग पकडायला कधीकधी त्याहून जास्त वेळ लागतो. दोनदा असं ट्रिप झाल्यावर कुणीतरी जंपर मारला, म्हणजे सेन्सरला वगळून थेट वायर जोडली. तो जंपर तीन दिवस तसाच होता, म्हणजे तीन दिवस सेन्सर नुसता शोभेला.

एकदा उलटंही झालं. शाफ्ट थांबला तो नेमकी पट्टीची कड सेन्सरसमोर येऊन. शेजारच्या चाळणीच्या थरथरीने सेन्सर चालू-बंद होत राहिला आणि त्याच्या लेखी शाफ्ट जोरात फिरत होता. पातळ पत्र्याचा ब्रॅकेट काढून जाड अँगलचा केला, तेव्हापासून पुन्हा झालं नाही. पक्का इलाज हवा असेल तर पुढेमागे लावलेले दोन सेन्सर लागतात. मग नुसती थरथर आणि खरा फेरा यांतला फरक कळतो, पण ते काम या जातीच्या सेन्सरचं नाही.

डब्यावर 'झिरो स्पीड' छापलंय, त्याला भुलू नका. आमच्या सेटिंगला हा 'थांबला' म्हणतो तेव्हा शाफ्ट अजून मिनिटाला ३० फेऱ्यांनी फिरत असू शकतो. मर्यादा अगदी तळाला, ६ वर नेली तरी दोन पट्ट्यांवर ते ३ फेरे होतात, आणि शाफ्ट अचानक अडकला तर ते कळायला १० सेकंदं जातात. शून्य याला दिसतच नाही. म्हणून गार्डचं (फिरत्या भागांवरचं संरक्षक झाकण) कुलूप उघडायला हा वापरू नका. त्यासाठी सेफ्टीचे वेगळे स्टँडस्टिल रिले (खरंच थांबलंय का ते बघणारे) मिळतात. त्यांतले काही मोटरच्या वाइंडिंगमध्ये उरलेला व्होल्टेज बघतात, पण तेही मोटरबद्दलच सांगतात, तुटलेल्या कपलिंगपलीकडच्या शाफ्टबद्दल नाही. आत हात घालायचा तर मेन स्विच बंद आणि त्याला कुलूप, मग सेन्सर काहीही म्हणो.

आठ महिन्यांत पट्टा दोनदा सरकला आणि दोन्ही वेळा याने मशीन थांबवलं. धुळीचा त्रास झाला नाही. महिन्यातून एकदा मशीन चालू असताना याचा सप्लाय तसाच ठेवून नुसती आउटपुटची वायर काढली, तर कळतो फक्त इंटरलॉक. आउटपुट चालू-बंद करणारा आतला ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन कायम चालूच राहिलाय का ते कळत नाही. म्हणून आम्ही चेकनट (सेन्सर जागेवर घट्ट धरणारा नट) सैल करून सेन्सरच मागे घेतो आणि ट्रिप होतं का बघतो. दुसऱ्या एलिव्हेटरला याच जातीचा घेणार आहे, फक्त सुरुवातीची सवलत बदलता येणारा. आणि पुन्हा कुणी जंपर मारू नये म्हणून पॅनेलला कुलूप.