स्क्वेअर फुटाचा स्वस्त दर आणि दुप्पट झालेलं टाईल्सचं बिल

ज्या ठेकेदाराचा स्क्वेअर फुटाचा दर सगळ्यांत कमी होता, त्याचंच बिल शेवटी कोटेशनच्या जवळजवळ दुप्पट झालं. ते कसं फुगलं हे सविस्तर लिहिते आहे, कारण घराचं काम काढणाऱ्या प्रत्येकाला हीच पद्धत भेटू शकते.

त्याने सांगितलेला दर फक्त टाईल बसवण्याच्या मजुरीचा होता. जुनी फरशी फोडणं, राडारोडा उचलणं, जमीन लेव्हल करणं, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लावायची टाईलची पट्टी), ग्राउट (टाईल्समधल्या फटी भरायचा मसाला), यांतलं काहीच त्यात नव्हतं. विचारलं की उत्तर ठरलेलं: "ते सगळं होऊन जाईल, काळजी करू नका." ॲडव्हान्स हातात पडल्यावर त्याने आधी फोडाफोड उरकली आणि मग एकेक जादा आकडा बाहेर काढला. घर उखडलेलं, सामान एका खोलीत कोंबलेलं. अशा वेळी कुणी ठेकेदार बदलत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एक मान्य करायला हवं. जुनी फरशी निघाल्याशिवाय खालचा बेस कसा आहे ते कळत नाही. मोठ्या टाईल्सना जमीन चांगलीच सपाट लागते. 3 मीटरमध्ये 3 मिलीमीटरपेक्षा जास्त चढउतार नको. त्यामुळे लेव्हलिंगचा खर्च वाढू शकतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण सरळ माणूस त्याचा दर आधीच लिहून देतो आणि प्रमाण नंतर मोजतो.

खरी लबाडी मापात होती. आमचा हॉल 12 बाय 15, म्हणजे 180 स्क्वेअर फूट. चारी भिंतींची लांबी 54 फूट. चार इंचांच्या स्कर्टिंगचं क्षेत्रफळ होतं 18 स्क्वेअर फूट, तेही दारं वजा न करता. त्याने ते 18 स्क्वेअर फूट फरशीच्या मापात धरले आणि शिवाय 54 रनिंग फुटांचे (म्हणजे नुसत्या लांबीच्या मापाचे) वेगळे पैसे लावले. स्कर्टिंगला कटिंग जास्त असतं, रनिंग फुटाने मजुरी घेणं रास्तच आहे. पण एकाच कामाचे पैसे दोन खात्यांत कसे?

मालाचंही तसंच. ज्याला सगळे '2 बाय 2' म्हणतात ती टाईल खरं तर 60 सेंटिमीटरची असते, म्हणजे 4 नाही, सुमारे 3.87 स्क्वेअर फुटांची. चार नगांच्या बॉक्समध्ये 16 नव्हे, साडेपंधरा स्क्वेअर फूट माल येतो. आमच्या 198 स्क्वेअर फुटांवर सरळ मांडणीसाठी 10 टक्के कटिंगची तूट धरली तर 218 होतात, म्हणजे 15 बॉक्स पुरेसे. बिलात 20 होते. उरलेला माल "दुकानात परत करतो" म्हणून तो घेऊन गेला आणि त्याचे पैसे आजतागायत आलेले नाहीत.

पण सगळ्यांत संताप आला तो कपाट सरकवताना एका टाईलचा कोपरा फुटला तेव्हा. बिल टाईलखाली पूर्ण पसरलेल्या ॲडहेसिव्हचं (टाईल चिकटवायच्या मसाल्याचं) लावलेलं, आणि खाली निघाले नुसते पाच गोळे: चार कोपऱ्यांत चार, मध्ये एक. बाकी सगळं पोकळ. व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) टाईल पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून तिला पॉलिमर ॲडहेसिव्ह लागतं, आणि ते खाचांच्या थापीने सगळीकडे सारखं पसरावं लागतं. असे गोळे ठेवले की मसाला वाचतो आणि वजन पडलं की टाईल तडकते.

तेव्हा काम देण्याआधी प्रत्येक बाब वेगळी लिहून मागा: फोडणं, राडारोडा, लेव्हलिंग, वॉटरप्रूफिंग, स्कर्टिंग, कडा घासणं, ग्राउट; प्रत्येकीसमोर दर आणि मापाची पद्धत. माप दोघांनी मिळून टेपने घ्या आणि कागदावर दोघांच्या सह्या करा. ॲडहेसिव्हच्या रिकाम्या पिशव्या काम संपेपर्यंत फेकू देऊ नका. 20 किलोची पिशवी 3 मिलीमीटरच्या थरात साधारण 50 स्क्वेअर फूट जाते आणि मोठ्या टाईलखाली थर जाड लागतो, म्हणून पिशव्या यापेक्षा कमी निघाल्या तर तिथेच काम थांबवा.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी वाळलेल्या फरशीवर नाण्याने टकटक करत सगळं फिरा. पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण करा. बाथरूममध्ये टाईल्स लावण्याआधी वॉटरप्रूफिंगवर किमान 24 तास पाणी साठवून बघा. आणि उरलेल्या टाईल्स घराबाहेर जाऊ देऊ नका. त्याच डिझाईनच्या पुढच्या बॅचमध्ये रंगछटा बदलू शकते. आमच्या फुटलेल्या टाईलच्या जागी आणलेली टाईल म्हणूनच वेगळी दिसते. एक बॉक्स जपून ठेवा आणि त्यावरचा शेड नंबर, बॅच नंबर बिलावर लिहून घ्या.