पेन्टॅक्स के१०००, आठ महिन्यांनंतर: मंद शटरचं दुखणं कसं सापडलं

काकांचा पेन्टॅक्स के१००० हा जुना फिल्म कॅमेरा ऑक्टोबरात फोंड्याच्या घरी कपाटातून बाहेर काढला. तेव्हापासून चौदा रोल झाले. उन्हातल्या फोटोंबद्दल काहीच तक्रार नाही. मांडवीचा काठ, पणजीच्या मळ्यातली रंगीत घरं, सगळं १/२५० सेकंदाला स्वच्छ आलं. सेल फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला लागतो. शटर पूर्ण यांत्रिक असल्यामुळे सेल संपला तरी काम अडत नाही.

दुखणं कळलं ते म्हार्दोळला. म्हालसेच्या देवळासमोर संध्याकाळी ट्रायपॉड लावून १ सेकंदाला बटण दाबलं, तर आरसा वर गेला आणि वरच राहिला. त्याआधी १/८ वगैरेवर घेतलेले फोटो ठीक वाटले होते, कारण निगेटिव्ह फिल्म एखाद्या स्टॉपचा, म्हणजे दुपटीपर्यंतचा, जास्त प्रकाश सहज पोटात घेते. हा दोष असा महिनोन् महिने लपून राहतो.

घरी येऊन लेन्स काढली, मागचं झाकण उघडलं, कॅमेरा खिडकीकडे धरला आणि फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घेतला. शटर म्हणजे एकामागून एक सरकणारे दोन पडदे; त्यांच्यामधून उजेड किती फ्रेम दिसतो ते मोजायचं. १/८ ला ३० हव्यात, माझ्याकडे ५२ आल्या. १/४ ला ६० हव्यात, आल्या ९७. १/६० ला मात्र बरोबर ४. म्हणजे पडदे ठीक होते. १/३० आणि त्याहून मंद वेगांना दुसऱ्या पडद्याला थोपवून धरणारी दातेरी चाकं अडत होती. १/५०० च्या पुढे फोटोत एका बाजूला काळी पट्टी येत असेल तर तो पडद्यांच्या ताणाचा दोष, त्याचा याच्याशी संबंध नाही.

मग १/८ लाच लागोपाठ दहा वेळा दाबलं. पहिल्यांदा ५२, दहाव्यांदा ३६. चाचणी करणार असाल तर ही चुकवू नका. चाक झिजलं असतं तर चूक दर वेळी साधारण तेवढीच राहिली असती. हलवल्यावर सुधारतंय म्हणजे जुनं ग्रीस चिकट झालंय. कानालाही कळतं. निरोगी यंत्राची १ सेकंदाची घरघर सलग येते, माझी शेवटाकडे जड होत होती.

एका दुरुस्तीवाल्याने आत तेल फवारून दिलं. पंधरा दिवस छान चाललं, मग पुन्हा तेच, वर पडद्यावर डाग. असलं करू देऊ नका. स्प्रिंगचा ताण वाढवून वेग जुळवणंही नको, मूळ घाण तिथेच राहते. जानेवारीत एका वयस्कर घड्याळजींना दाखवला. एक सेकंद लावून त्यांनी कॅमेरा कानाशी धरला आणि म्हणाले, "घड्याळासारखंच आहे हे, चाक धुवायला हवं." चाकं उघडून धुतली, सुईच्या टोकाने धुऱ्यांना घड्याळाचं तेल लावलं. बस्स.

आता १/८ ला ३१, १ सेकंदाला २४४. सकाळचं पहिलं दाबणं अजून किंचित सुस्त, २५१ पर्यंत जातं. दमट हवेमुळे कॅमेरा सिलिका जेलच्या घट्ट डब्यात ठेवते, शटर चढवून (स्प्रिंग ताणलेली) ठेवत नाही आणि दर रविवारी मंद वेग दहा-दहा वेळा चालवते. विकत घेणाऱ्याने दुकानातच १ सेकंद ऐकून घ्यावा, मगच पैसे द्यावेत. पाऊस लागलाय, पुढचं मोजमाप श्रावणात.